आकडा बसवू नका!

विद्यार्थी मित्रहो, आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, ते हाताला हुन्नर यावा म्हणूनच. आज मात्र विद्युत अभियांत्रिकीत अनेक ठिकाणी व्याख्यान आधी, प्रात्यक्षिक पंधरा दिवसांनी आणि जर्नल मित्राचे पाहून! अमेरिकेतील रेन्सेलर संस्थेने १९९० च्या दशकात व्याख्यान व प्रयोग एकाच वर्गात आणले. हीच ‘स्टुडिओ’ पद्धत. १०० किलोओहमचा रेझिस्टर व १०० मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर एकापुढे एक ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. सूत्राप्रमाणे १० सेकंदांत कपॅसिटरवर सुमारे ५.७ व्होल्ट हवेत. प्रत्यक्षात थोडा फरक पडतोच. तेव्हा आकडा ‘बसवायचा’, की फरक का पडला हे तिथेच सरांना विचारायचे? खरे शिक्षण त्या विचारण्यात आहे. पालकहो, कॉलेज निवडताना एवढे जरूर विचारा : उपकरण मुलांच्या हाती किती वेळ असते?