सोनं लाखाच्या पुढे गेलं, मग काउंटरवरचा सेल्समन टिकत का नाही?

लग्नाचा बस्ता झाला की मंडळी सोन्याच्या दुकानाकडे वळतात आणि मागच्या वेळी ज्या पोराने मंगळसूत्र दाखवलं होतं, त्यालाच शोधतात. उत्तर बऱ्याचदा ठरलेलं असतं, "तो सोडून गेला."

एप्रिल 2025 मध्ये 10 ग्रॅम सोन्याचा भाव पहिल्यांदा 1 लाखाच्या वर गेला. मग दुकानात काम करणाऱ्यांचीही चांदीच झाली असणार, असं कुणालाही वाटेल. पण तसं होत नाही.

भाव वाढला की लोक कमी वजनाचे दागिने घेतात. वर्ल्ड गोल्ड काउन्सिलच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये भारतात दागिन्यांची मागणी सुमारे 575 टन होती, 2024 मध्ये ती 563 टनांवर आली. रुपयांत मोजली तर मात्र वाढली. सोन्याचा भाव सगळ्या दुकानांत जवळपास सारखाच असतो, त्यामुळे दुकानदाराची खरी कमाई घडणावळीत आणि हिऱ्यांच्या दागिन्यांत. म्हणूनच सेल्समनला टार्गेट मिळतं ते हिऱ्यांचं आणि महिन्याला हप्ता भरायच्या सुवर्ण योजनांचं. एखादं कुटुंब दोन तास बसून, दहा ट्रे बघून "घरी विचारून येतो" म्हणत उठलं, तर ते दोन तास त्याच्या खात्यात कुठेच जमा होत नाहीत.

त्यात जोखीम वेगळी. रात्री नग न् नग मोजला जातो आणि हिशोब जुळेपर्यंत कुणी घरी जात नाही.

दिवसभर उभं राहायचं ते वेगळंच. केरळमध्ये कापड दुकानांतल्या महिलांनी बसायच्या हक्कासाठी लढा दिला आणि 2018 मध्ये तिथला कायदा बदलला. तामिळनाडूने 2021 मध्ये तशीच तरतूद केली. महाराष्ट्रात सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती दुकानांमधले कामाचे तास 9 वरून 10 करायला. हा बदल 20 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी आहे. गावोगावच्या सराफ कट्ट्यावरच्या कित्येक पेढ्यांत तेवढी माणसंच नसतात.

मग पोरं जातात कुठे? बहुतेक वेळा समोरच्याच शोरूममध्ये, दोन-चार हजार जास्त पगारावर. अनुभवी सेल्समनच्या मोबाइलमध्ये गिऱ्हाइकांचे नंबर असतात, कुणाच्या मुलीचं लग्न कधी आहे हे त्याला पाठ असतं. या माहितीची किंमत जुना मालक पगारात धरत नाही, नवा मालक धरतो. त्यामुळे पगार वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे दुकान बदलणं. मालकही मग "शिकवलं की जातात" म्हणत शिकवणंच कमी करतात, हे त्याहून वाईट.

याचा फटका शेवटी गिऱ्हाइकाला बसतो. महिनाभरापूर्वी रुजू झालेल्याला जुन्या सोन्यात घट का धरली, खड्यांचं वजन सोन्यात मोजलं का, हे नीट सांगता येत नाही. योजनेचा हप्ता चुकला तर काय होईल, हे तर तो छापील कागद बघूनच सांगणार. तेव्हा तोच कागद आधी स्वतः मागून घ्यावा. बिलात सोन्याचं निव्वळ वजन, घडणावळ आणि खडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. दागिन्यावरचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक आहे. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून काउंटरवरच तपासता येतो, समोर कुणीही उभं असलं तरी.