गोल्फच्या काठ्या आणि आपला खिसा

साहित्य मंडळाच्या अंकात गोल्फ कशाला, असं संपादकांनी विचारलं नाही. पण तुम्ही विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकतो. पु. लं.चा लाडका वुडहाऊस गोल्फवर गोष्टींवर गोष्टी लिहून गेला आहे. त्याच्या 'द क्लिकिंग ऑफ कथबर्ट' या गोष्टीत तर चक्क एक साहित्य मंडळ आणि एक गोल्फवेडा समोरासमोर येतात, आणि बाजी गोल्फवाला मारतो. तेव्हा नातं जुनं आहे.

माझं म्हणणं साधं आहे. 'गोल्फ म्हणजे लाखाची बात' हे जे वाक्य आपल्या इंदुरी घरांतून ऐकू येतं, ते काठ्यांपुरतं तरी खोटं आहे. (काठ्यांना इंग्रजीत क्लब म्हणतात. पण मराठी घरात 'क्लब घ्यायचाय' म्हटलं की आजी आधी पत्त्यांचा विचार करते, म्हणून मी काठीच म्हणतो.) हे वाक्य दुकानदारांच्या सोयीचं आहे आणि ज्यांच्याकडे लाख आहेत त्यांच्याही सोयीचं आहे.

मी दोन वर्षं शिकवण्या घेतो. त्यातले बारा हजार बाजूला ठेवले होते. एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्यानं पहिल्या पाच मिनिटांत मला चाळीस हजारांपुढचा एकटा ड्रायव्हर दाखवला. ड्रायव्हर म्हणजे ती लांब दांड्याची, मोठ्या डोक्याची काठी, जिच्या जाहिराती असतात. आता हिशेब करा. नेहमीच्या मैदानावर अठरा खड्डे असतात. त्यांतले चारेक छोट्या पल्ल्याचे, म्हणजे ड्रायव्हर फार तर चौदा वेळा हातात येणार. आणि पटर? चेंडू खड्ड्यात ढकलायची ती काठी. प्रत्येक खड्ड्याला दोन वेळा धरलं तरी छत्तीस. नवशिक्याचे तर चाळिसाच्या वर जातात. मग पैसा कुठे घालायचा? शिवाय पटर सोडला तर ड्रायव्हरच्या डोक्याला तिरपेपण सगळ्यात कमी असतं, म्हणून फटका जरा वाकडा बसला की चेंडू उजवीकडे झाडीत जातो. शिकणाऱ्यानं पहिल्या वर्षी ती काठी घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

नियमानं पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या चालतात. जास्तीत जास्त! हा आकडा वरची मर्यादा आहे, किमान अट नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही. नवशिक्याला सहा पुरतात: एक हायब्रिड, लोखंडी डोक्याच्या 5, 7 आणि 9 नंबरच्या, एक सँड वेज आणि एक पटर. 6 आणि 7 नंबरमध्ये चेंडू जेमतेम दहा-बारा यार्डांच्या फरकानं पडतो, आणि आपला प्रत्येक फटकाच वीस यार्ड इकडेतिकडे होत असताना त्या बारीक फरकाचं काय लोणचं घालायचं? याला अर्धा सेट म्हणतात. जुना घेतला तर माझ्या रकमेत बसतो, पिशवीसकट बसला.

जुना सेट घेताना मात्र डोळे उघडे हवेत. लोखंडी डोक्याची मागची बाजू बघा. ती पोकळ कोरलेली असेल, वजन कडेला वाटलेलं असेल, तर घ्या. फटका मधोमध नाही बसला तरी अशी काठी सांभाळून घेते. कार्स्टन सोल्हाइम नावाच्या इंजिनिअरनं 1959 मध्ये आपल्या गॅरेजमधून पिंग कंपनी सुरू केली आणि कडेला वजन देण्याची ही युक्ती रुजवली. पातळ, सपाट पाठीच्या काठ्या दिसायला फार देखण्या असतात, पण त्या मुरलेल्या हातांसाठी. मग डोकं आणि दांडा जुळतात तिथे बोट फिरवा. हलवून बघा, खुळखुळ आवाज आला तर परत ठेवा. स्टीलच्या दांड्याला आतून गंज नको, ग्रॅफाइटच्या दांड्यावर केसाएवढीही चीर नको. मुठीचं रबर गुळगुळीत झालं असेल तर घाबरू नका, ते काहीशे रुपयांत बदलून मिळतं. उलट त्याच कारणानं भाव पाडून घ्या. वेजच्या तोंडावरच्या चऱ्या मात्र झिजलेल्या नकोत. उंची फार कमी-जास्त असेल तर कोणा जाणत्याला उभं राहून दाखवा.

आणि नवाकोरा, नामांकित कंपनीचा पूर्ण सेट इंटरनेटवर कोणी पाच-सात हजारांत देत असेल, तर तो नकली आहे. यात चर्चेला जागा नाही. त्यापेक्षा एखाद्या निवृत्त काकांच्या माळ्यावरचा वीस वर्षांपूर्वीचा खरा सेट कितीतरी बरा. चेंडूही तळ्यातून काढलेले, धुतलेले घ्यावेत. आपण ते पुन्हा तळ्यातच घालणार आहोत.

माझा एक मित्र म्हणतो, जुन्या काठ्यांनी खेळणारा जुनाच राहतो. त्याला मी नावं सांगतो. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी होता, दुसऱ्यांच्या पिशव्या उचलणारा. 2008 ची इंडियन मास्टर्स जिंकणारा शिव शंकर प्रसाद चौरसिया हा कोलकात्याच्या मैदानावर गवत राखणाऱ्याचा मुलगा. स्पेनचा सेव्ह बॅलेस्टेरोस लहानपणी समुद्राच्या वाळूत एकाच 3 नंबरच्या काठीनं सगळे फटके शिकला. आणि मुंबईत चेंबूरला, गोल्फ क्लबच्या शेजारच्या वस्तीत, कॅडी पोरांनी लोखंडी सळ्या वाकवून काठ्या केल्या आणि गल्लीबोळात प्लास्टिकच्या चेंडूनं खेळ मांडला.

पण याच नावांत दुसरी गोष्टही दडलेली आहे, आणि ती मला जास्त टोचते. यातले बरेच जण मैदानाच्या आत होते. पिशवी उचलायला, गवत कापायला का होईना, फाटकाच्या आत. खरा खर्च तिथे आहे. काठ्या बारा हजारांत आल्या, पण त्या फिरवायच्या कुठे? मला महूला जाता येतं ते मामा फौजेत आहे म्हणून. त्याची ओळख नसती तर माझा सेट आज पलंगाखाली असता. बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचं मैदान आहे, गायकवाडांच्या घराण्यानं केलेलं. आपल्यातले किती जण सहलीला जाऊन ते कुंपणाबाहेरून बघून आलेत! स्वस्त काठ्यांवर लेख लिहायचा आणि फाटकाबद्दल गप्प बसायचं, हे मला जमणार नाही.

म्हणून आता प्रत्येकानं सेट घ्या असं मी म्हणत नाहीये. उलट, घेऊ नका. आपल्या कॉलेजच्या क्रीडा विभागात क्रिकेटचं किट सगळ्यांचं मिळून असतं. बॅट कोणी घरून आणत नाही. तसेच दोन जुने अर्धे सेट ठेवावेत आणि मागच्या भिंतीशी, जिथे क्रिकेटची जाळी आहे, तिथे आठवड्यातून दोन दुपारी जाळीत चेंडू मारू द्यावेत. जाळीत शिकायला मैदान लागत नाही. झेपेल त्याला पुढे कुठे जायचं ते ठरवता येईल, आणि नाही झेपलं तर कोणाचेच बारा हजार बुडणार नाहीत.

असा अर्ज मी क्रीडा विभागाच्या सरांकडे दिला आहे. खाली सह्यांना जागा सोडली आहे, कागद मंडळाच्या कपाटात आहे. एक सेट डावखुऱ्यांचा हवा असंही त्यात लिहिलंय. जुन्या बाजारात तो शोधायला वेळ लागतो, आणि आमच्या एकट्या वर्गातच डावखुरे तिघं आहेत.