व्यसन तेच, बातमी वेगळी

१/८ #धागा
पदार्थ जितका घातक तितकी बातमी भयंकर, असा एक भाबडा समज आहे. अमेरिकेचा दीडशे वर्षांचा इतिहास तो खोडून काढतो. तेथे आधी व्यसनी व्यक्तीचा वर्ण आणि लिंग पाहिले गेले. ती रुग्ण की गुन्हेगार, हे नंतर ठरले.

२/८
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अफू-मॉर्फिनचे व्यसन प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रियांना होते. मिशिगन (१८७८), शिकागो (१८८०) आणि आयोवा (१८८५) येथील पाहण्यांत व्यसनाधीनांपैकी साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया आढळल्या. अनेकींना ते औषध डॉक्टरांनीच दिलेले. त्यांच्या वाट्याला कीव आली, कोठडी नव्हे.

३/८
चिनी स्थलांतरित तीच अफू ओढत. १८७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने अफूच्या अड्ड्यांवर बंदी घातली. भीती ही, की तेथे गोऱ्या स्त्रिया 'बिघडतील'. औषधाच्या दुकानातील लॉडेनम, म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली अफूच, या बंदीतून सुटली.

४/८
८ फेब्रुवारी १९१४. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये डॉ. एडवर्ड हंटिंग्टन विल्यम्स यांचा लेख आला. कोकेन घेतलेला कृष्णवर्णीय पुरुष गोळी लागूनही कोसळत नाही, असा त्यातील दावा. पुरावा? ऐकीव किस्से. त्याच डिसेंबरात अमली पदार्थांवर नियंत्रण आणणारा हॅरिसन कायदा संमत झाला. कायद्याला इतरही कारणे होती. पण जनमत तापवले ते अशाच चित्रांनी.

५/८
क्रॅक आणि भुकटी ही एकाच कोकेनची दोन रूपे. तरीही १९८६ च्या कायद्याने पाच वर्षांच्या किमान शिक्षेसाठी क्रॅकची मर्यादा ५ ग्रॅम ठेवली, भुकटीची ५०० ग्रॅम. पडद्यावर क्रॅकचा चेहरा कृष्णवर्णीय वस्तीचा होता. २०१० मध्ये १०० : १ हे प्रमाण १८ : १ झाले, समान झालेच नाही.

६/८
कृष्णवर्णीय स्त्रीवर तर दुहेरी आरोप: व्यसनी आणि वर 'कुमाता'. १९८५ च्या अवघ्या २३ स्त्रियांवरील प्राथमिक अभ्यासातून माध्यमांनी 'क्रॅक बेबी'ची अख्खी पिढी उभी केली. फिलाडेल्फियात अशा मुलांचा दोन दशकांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला. कोकेनपेक्षा गरिबीचाच घाव खोल निघाला. या निष्कर्षाला तेवढे मथळे मिळाले नाहीत.

७/८
चित्रांची किंमत माणसे मोजतात. १९८९ पासून चार्ल्स्टनमधील एका सार्वजनिक रुग्णालयाने गर्भवतींच्या लघवी-तपासणीचे निकाल पोलिसांना दिले. अटक झालेल्या ३० स्त्रियांपैकी २९ कृष्णवर्णीय होत्या. संमतीविना अशी तपासणी घटनाबाह्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले. तोवर बेड्या पडून गेल्या होत्या.

८/८
पुढे वेदनाशामक गोळ्या आणि हेरॉइन गोऱ्या उपनगरांत पोहोचले, तेव्हा 'व्यसन हा आजार आहे' हे माध्यमांना आठवले. माध्यमे शहाणी झाली, असे यावर सांगितले जाते. ते खरे नाही. हीच करुणा १८७८ मध्येही होती, आणि याच वर्णासाठी होती. करुणा चूक नव्हती. तिची वाटणी चूक होती.