नवऱ्याची सही कोणत्या कायद्यात लिहिली आहे?

मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला ओळखीतल्या एका ताईचा फोन आला. पदरी दोन लेकरं, नवरा पुण्याला कंपनीत. दिवस गेलेत, सातवा आठवडा. तिसरं नको, हे दोघांनी मिळून ठरवलेलं. ती एका दवाखान्यात गेली तर काउंटरवरूनच उत्तर मिळालं, "नवऱ्याची सही आणा, नाहीतर होत नाही." नवऱ्याला सुट्टी मिळेना. ताई हळू आवाजात विचारत होती, "भाऊ, हे गुन्ह्यात येते काय?"

नाही येत, ताई. आणि नवऱ्याची सहीही लागत नाही.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. त्याआधी केंद्राने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे तेव्हा आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. कायदा म्हणतो, बाई अठरा वर्षांवरची असेल तर फक्त तिची संमती. वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. कुटुंबनियोजनाचं साधन फसलं, हे कारणही चालतं. पूर्वी त्यात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असे शब्द होते, २०२१ च्या दुरुस्तीत ते 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' झाले. काही महिलांसाठी मुदत चोवीस आठवड्यांची आहे, आणि त्यात अविवाहित मुलीही येतात, हे सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं. अर्थात शेवटचा शब्द अजूनही डॉक्टरचाच आहे, बाईचा नाही. ते मला खटकतं.

मग ताई घाबरली कशाला? कारण आपण दोन कायद्यांची खिचडी केली. मुलगा की मुलगी हे तपासणं गुन्हा आहे. त्याचा कायदा महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ ला आला. तो हवाच. पण भिंतीवर 'भ्रूणहत्या महापाप' वाचून वाचून लोकांच्या डोक्यात बसलं की गर्भपात म्हणजेच गुन्हा.

यात आम्ही पत्रकारही आहोत. २०१२ ला परळीचं प्रकरण गाजलं, तेव्हा हेडिंगमध्ये जागा पुरत नाही म्हणून 'अवैध' हा शब्द मीच कितीदा उडवला आणि नुसतं 'गर्भपात' ठेवलं. तेव्हा काहीच वाटलं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत एका खासगी रुग्णालयाच्या आवारात बायोगॅसच्या टाकीतून ११ कवट्या आणि ५४ हाडं निघाली. तपास सुरू झाला तो एका तेरा वर्षांच्या पोरीच्या गर्भपातावरून. आपल्याकडे सगळ्यांनी कवट्यांची चर्चा केली. त्या पोरीला उजेडात, सरकारी दवाखान्यात नेण्याची हिंमत कुणाची का झाली नाही, हे कुणी विचारलं नाही. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर नाव द्यायची गरज नाही, हेही कोर्टाने त्याच २०२२ च्या निकालात सांगितलंय. किती आईबापांना हे माहीत आहे?

आता कमेंटमध्ये कुणीतरी पाप-पुण्य काढेल. काढा बाप्पा. तुम्हाला पाप वाटत असेल तर तुमच्या घरात करू नका. पण दुसऱ्याच्या बायकोच्या फॉर्मवर सही कुणाची हे ठरवायला काउंटरवर बसू नका. सही मागता मागता महिना निघून जातो. मग गोळीवर भागणारं काम मोठ्या प्रोसिजरवर जातं, नाहीतर बाई चोरून कुणा भोंदूकडे जाते.

सरकारी रुग्णालयाला यासाठी वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही, कायद्यातच ती आहे. ताईला मी तिकडे जायला सांगितलं. संमतीच्या फॉर्मवर तिनं स्वतः सही केली. झालं, नाव कुणाला कळलं नाही. ते गुप्त ठेवणंही दवाखान्यावर बंधनकारक आहे.

तुमच्याकडे, मालेगाव-वाशीम भागात, नवऱ्याची सही मागितली जाते का? दवाखान्याचं आणि स्वतःचं नाव न लिहिता इनबॉक्समध्ये सांगा.