रणगाड्यावरचा घसारा

बी. कॉम. होऊन मी जे शिकलो त्यातले निम्मे बँकेने विसरायला लावले, उरलेले संगणकाने. पण एक शब्द डोक्यात घट्ट बसून राहिला आहे : घसारा. यंत्र विकत घेतले की ते झिजू लागते, आणि ही झीज जो वहीत दाखवत नाही त्याचा ताळेबंद खोटा. इतके हे साधे शास्त्र. मग मला सांगा, लढाईत उतरलेल्या रणगाड्याची प्रतिकृती करताना तिच्यावर चिखल, तेलाचे ओघळ आणि ओरखडे दाखवले, तर आमच्या मिरजगावातल्या सज्जनांनी नाक का मुरडावे?

सध्या माझ्याकडे एक पॅटन तयार होतो आहे. एकास पस्तीस या प्रमाणातला, म्हणजे वीतभर लांब. तोफ धरली तर वर आणखी चार बोटे. प्लॅस्टिकचे सुटे भाग कापून, घासून, चिकटवून झाले, वर हिरवा रंग चढला, तोपर्यंत घरात माझी प्रतिष्ठा शाबूत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘अगदी दुकानातल्यासारखा दिसतोय हो!’’ त्यांच्या दृष्टीने ही परमावधीची स्तुती. मी दुसऱ्याच दिवशी अंगणातली माती मलमलीच्या फडक्यातून चाळायला बसलो तेव्हा मेव्हण्यांना राहवले नाही. ‘‘दाजी, एवढे पैसे घालून नवा आणला आणि त्याला चिखल फासताय?’’

फासतोय. आणि का फासतोय ते एकदा सांगूनच टाकतो.

सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाचे गाव. अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले पॅटन त्या वेळी मोठे नाव कमावून होते, आणि आपल्याकडे होते सेंच्युरियन व दुसऱ्या महायुद्धातले शेर्मन. आपल्या लोकांनी काय केले? कालव्याचे पाणी शेतांत सोडले आणि स्वतः उभ्या उसात दबा धरून बसले. पंचेचाळीस टनांच्या आसपास वजनाचा गडी ओल्या रानात शिरला की त्याचे काय होते, हे नगर जिल्ह्यातल्या माणसाला मी समजावून सांगायचे? आपल्याकडे उसाची भरलेली ट्रॉली चारीत रुतली तर निम्मे गाव ती ओढायला जाते. पॅटन रुतले. जे रुतले नाहीत ते उसातल्या तोफांच्या समोर आले. अब्दुल हमीद जीपवरची तोफ घेऊन एकामागून एक रणगाडे टिपत गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आपल्या हिशेबाप्रमाणे त्या तीन दिवसांत शत्रूचे ९७ रणगाडे गेले. पुढे पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ इतके गोळा झाले, की त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

आता मला सांगा, ही लढाई निम्मी चिखलाने जिंकली, आणि तुम्ही मला म्हणता पॅटन पुसून ठेवा! चिखल पुसला तर मागे राहतो तो अमेरिकेच्या कारखान्यातून निघालेला एक हिरवा डबा. त्यात आपले काहीच नाही. आपले जे काही आहे ते त्या चिखलात आहे.

बरे, हा चिखल फासणे म्हणजे पोराने भिंतीला शेण फासावे तसला प्रकार नव्हे. एकास पस्तीसचा हिशेब मातीलाही लागू असतो. ज्वारीच्या दाण्याएवढे ढेकूळ या पॅटनवर राहिले तर ते खरे अर्धा फूट जाडीचे धोंड झाले! म्हणून मलमल. पुन्हा आमची माती काळी, पंजाबची फिकी. म्हणून वाण्याकडून मुलतानी माती आणून मिसळली. (पॅटनला मुलतानची माती, हा योग वाण्याच्या लक्षात आला नाही, त्याने सौ.च्या कांतीची चौकशी केली.) ती पातळ केलेल्या फेविकॉलने बसवायची, तीही चाकांवर आणि खालच्या अंगाला, बुरुजाच्या डोक्यावर नव्हे, चिखल खालून वर चढतो. तपकिरी तेलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून बोल्टांच्या मुळाशी सोडायचा, तो आपोआप खाचेखाचेत पळतो. भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा गडद रंगात बुडवून, जवळजवळ कोरडा करून, चढण्या-उतरण्याच्या कडांवर टेकवला की बुटांनी उडालेला रंग दिसतो. पट्ट्यांवर मऊ पेन्सिल घासली की लोखंड चमकते. प्रत्येक डागाला व्हाउचर पाहिजे. हा का, इथेच का, किती दिवसांचा? उत्तर नसेल तर डाग नामंजूर.

हे मी आमच्याच पंथातल्या अतिरेक्यांनाही सुनावतो. एकदा हात बसला की काहीजण सबंध रणगाडा गंजवून टाकतात. अरे बाबा, तीन दिवसांच्या लढाईत एवढा गंज कुठून आला? तो पट्ट्यांना येईल, धुराड्याला येईल. चिलखताला रंग असतो आणि तो लावणारे जवान झोपा काढत नसतात. पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवणारा व्यापारी जसा संशयास्पद, तसेच हे.

पण खरे भांडण त्यांच्याशी नाहीच. भांडण आहे ते आपल्या चकचकीतपणाच्या वेडाशी. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत मरतो, सोफ्याचे खरे कापड फक्त दुकानदाराने पाहिलेले असते. लग्नसराईत काउंटरवर माणसे कोऱ्या नोटांसाठी माझी अशी मनधरणी करतात, की जणू मळकी नोट कमी किमतीची असते. अहो, मळकी नोट म्हणजे बाजार बघून आलेली नोट! गडावरच्या देवळाच्या काळ्या दगडाला गुलाबी ऑइलपेंट देणारे हात आणि चौकातल्या रणगाड्याला दर सव्वीस जानेवारीला कारच्या बॉनेटसारखा चकाकता हिरवा देणारे हात, एकाच रक्ताचे. लष्करी रंग मुद्दाम निस्तेज ठेवतात, कारण चकाकला की दिसतो आणि दिसला की मेला. एवढे तरी?

नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण एसटीत अजून नगरच ऐकू येते) १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. उघड्यावर, उन्हापावसात उभ्या असलेल्या खऱ्या लोखंडाला रंग द्यावाच लागतो, नाहीतर खरोखरच गंजून जाईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये एक सेंच्युरियन जपून ठेवला आहे, ‘फामागुस्ता’ नावाचा. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत तो पेटला. आतल्या अधिकाऱ्याला, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना, बाहेर पडण्याचा हुकूम झाला. तोफ अजून चालते आहे असे कळवून ते लढत राहिले आणि तिथेच गेले. वय वर्षे एकवीस. आमच्या शाखेत त्या वयाची मुले शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरताना वडिलांना फोन करतात. (मी त्यांना नावे ठेवत नाही, त्या वयात मी तर पानटपरीवर होतो.)

पुढचा रणगाडा तोच करायचा आहे, आणि खऱ्यावर नाही तेवढे छोट्यावर मला दाखवायचे आहे. बुरुजावर काजळी हवी, रंग भाजून फुगलेला हवा. मेव्हण्यांना मी आधीच सांगून ठेवले आहे. ते म्हणाले, ‘‘दाजी, आहेर म्हणून एक तरी स्वच्छ करून द्या, शोकेसमध्ये ठेवतो.’’ मी त्यांना रिकामे खोके दिले. त्याच्यावरचे चित्र पाहून ते जरा गप्प झाले, कारण त्यातलाही रणगाडा धुळीने माखलेलाच होता.