विश्लेषण : छोट्या रेल्वेची ‘वाघीण’ बाजारातून गायब का होते? साचे जातात कुठे आणि पर्याय काय?

बर्मिंगहॅमच्या एनईसी सभागृहात दरवर्षी भरणारं वॉर्ली क्लबचं मॉडेल रेल्वे प्रदर्शन नोव्हेंबर २०२३ मध्ये भरलं, ते शेवटचंच ठरलं. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ‘हॅटन्स’ या १९४६ पासूनच्या दुकानाने व्यवसाय गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जुलै २०२४ मध्ये ‘शेपवेज’ ही थ्रीडी प्रिंटिंगची ऑनलाइन सेवा दिवाळखोरीत गेली. वरवर पाहता या तिन्ही बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पण एका विशिष्ट मालडब्याचं किट शोधत फिरणाऱ्या माणसासाठी जुना माल मिळण्याची जागा, नवा माल मिळण्याचं दुकान आणि दोन्ही नसेल तेव्हाचा तिसरा मार्ग, असे तिन्ही दरवाजे जेमतेम नऊ महिन्यांत लागले. त्यातला तिसरा पुढे पुन्हा उघडला, पण सगळं सामान पूर्वीच्या जागी राहिलेलं नव्हतं.

इंग्रजीतल्या ‘वॅगन’ला मराठीने कधीच ‘वाघीण’ करून टाकलं आहे. इथे प्रश्न तळहातावर मावणाऱ्या वाघिणीचा आहे.

इंजिन सोडून डब्याचीच रड का?

कारण इंजिन एक लागतं आणि डबे तीस. ब्रिटनमध्ये १९४८ साली रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा सरकारच्या ताब्यात सुमारे १२ लाख वाघिणी आल्या. त्यातल्या पाच लाखांहून अधिक खासगी मालकीच्या होत्या. कोळसा खाणी, व्यापारी, गिरण्या अशा प्रत्येकाचा रंग वेगळा, पाटी वेगळी आणि अनेकदा डब्याची बांधणीही वेगळी. गुरांचा डबा, मासळीचा डबा, केळ्यांचा डबा, सिमेंटचा डबा, गार्डचा डबा असे प्रकारही पुष्कळ. एखाद्या गावाचं १९३५ सालचं स्टेशन हुबेहूब उभं करायचं तर त्या गावात येणारेच डबे हवेत. दुसरे चालत नाहीत. हौशी माणसाला ते लगेच खुपतं.

मोठ्या कंपन्यांचा हिशोब वेगळा असतो. इंजिनाचं मॉडेल महाग विकलं जातं आणि जाहिरातीत शोभतं. आडगावच्या एका लाइनवर धावलेल्या डब्याला गिऱ्हाईक किती मिळणार? म्हणून हे काम अनेक दशकं किट बनवणाऱ्या छोट्या उत्पादकांनी केलं. प्लास्टिकचे वीस-तीस सुटे भाग, चाकं, एक कागद आणि बाकी गिऱ्हाइकाची मेहनत. तयार डब्याच्या साधारण निम्म्या किमतीत काम भागायचं आणि एक संध्याकाळ चांगली जायची.

यातला नेमकेपणा बाहेरच्याला पटकन कळत नाही. ब्रिटिश रेल्वेने १६ टनी लोखंडी कोळसा-वाघिणी दोन लाखांहून अधिक बांधल्या. तिच्या दोन चाकजोड्यांमधलं अंतर नऊ फूट. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या ‘ओओ’ मापात एका फुटाला चार मिलिमीटर धरतात, म्हणजे किटमध्ये ते अंतर बरोबर ३६ मिलिमीटर हवं. किट बनवणाऱ्याला जुने आराखडे शोधावे लागतात, छायाचित्रं ताडून पाहावी लागतात, कुठेतरी गंजत पडलेला अस्सल डबा टेपने मोजावा लागतो. एवढ्या मोठ्या संख्येने बांधलेल्या वाघिणींपैकी बहुतेक भंगारात गेल्या आणि जतन झालेल्या थोड्या आहेत. काही दुर्मीळ प्रकारांचा तर एकही डबा उरलेला नाही. तिथे मोजमापांची सगळी मेहनत किटच्या त्या खोक्यात साठलेली असते. ते बंद झालं की पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

किट बंद होतं म्हणजे नेमकं काय होतं?

बहुतेक वेळा काहीच नष्ट होत नाही, आणि हाच या गोष्टीतला वैतागवाणा भाग आहे.

प्लास्टिकचं किट धातूच्या साच्यात दाबाने प्लास्टिक भरून तयार होतं. महाग असतो तो साचा, प्लास्टिक स्वस्त असतं. साचा नीट ठेवला तर पन्नास-साठ वर्षंही काम देतो. पण तो यंत्रावर चढवायचा, तापवायचा, जुळवायचा, माल काढायचा आणि पुन्हा उतरवायचा, हा खर्च दोनशे डब्यांसाठी केला काय आणि पाच हजारांसाठी केला काय, फारसा बदलत नाही. त्यामुळे मागणी थोडी घटली की उत्पादक ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणतो आणि ती खेप येत नाही. साचा मात्र फडताळात तसाच असतो.

त्यानंतर सगळं साचा कुणाच्या हाती पडतो यावर अवलंबून राहतं. ‘एअरफिक्स’चं उदाहरण सुखाचं आहे. या कंपनीने १९६२ मध्ये ‘किटमास्टर’चे रेल्वेचे साचे घेतले आणि स्वतःचीही वाघिणींची किट्स काढली. १९८१ मध्ये एअरफिक्स बुडाली आणि ‘पॅलिटॉय’च्या मालकांकडे गेली. रेल्वे किट्सचे साचे त्याच दशकात ‘डॅपोल’कडे पोहोचले. म्हणून त्या जुन्या साच्यांतून निघालेला गुरांचा डबा किंवा सिमेंटची ‘प्रेसफ्लो’ वाघीण डॅपोलच्या खोक्यात पुढेही मिळत राहिली. स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डीच्या ‘पार्कसाइड डंडास’चंही असंच झालं. तिची किट्स डेव्हनमधल्या ‘पेको’ने गेल्या दशकात आपल्याकडे घेतली आणि विकायला सुरुवात केली.

सगळ्यांच्या नशिबी असा वारस नसतो. या धंद्यातले कित्येक उत्पादक म्हणजे एक माणूस, त्याचं गॅरेज आणि टपालाची पाकिटं. तो सत्तरीत पोहोचतो, मुलांना यात रस नसतो. साचे विकले गेले तरी घेणाऱ्याकडे यंत्र असतंच असं नाही. मग नाव यादीत राहतं, पुढे ‘सध्या उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं असतं आणि ते ‘सध्या’ पंधरा वर्षं चालतं. शिसं-कथिलाच्या मिश्रधातूची ओतीव किट्स असतील तर हाल आणखी वाईट. त्यांचे साचे रबराचे असतात, वापराने झिजतात, आणि मूळ नमुना हरवला की नवा साचा करता येत नाही.

तयार डबा घेतला तर?

अनेकांनी तोच मार्ग धरला आहे. ‘अ‍ॅक्युरास्केल’, ‘रॅपिडो’ यांसारख्या नव्या कंपन्यांनी, पूर्वी फक्त किटमध्येच मिळायचे अशा कितीतरी वाघिणी तयार, रंगवलेल्या आणि अतिशय बारकाईच्या स्वरूपात आणल्या. काम उत्तम आहे, यात वाद नाही. पण तीसची गाडी भरायची म्हटलं की किंमत दुपटीहून वर जाते. शिवाय या कंपन्या एक खेप काढतात, ती संपली की पुढची कधी ते सांगता येत नाही. म्हणजे किट दुर्मीळ होतं म्हणून तयार डब्याकडे वळलेल्या माणसाला काही महिन्यांनी तयार डबाही दुर्मीळ झालेला दिसतो. शिवाय तयार डबा आला की त्याच प्रकारच्या किटची उरलीसुरली मागणीही आटते. अमेरिकेत ‘अ‍ॅथर्न’ची निळ्या खोक्यातली स्वस्त किट्स अशीच तयार डब्यांच्या रेट्यात मागे पडली. ‘अ‍ॅक्युरेल’सारखे मोजके उत्पादक तिथे तग धरून आहेत.

मग अमेरिकन किट ब्रिटिश गाडीला लावता येईल का? नाही. अमेरिकेतलं ‘एचओ’ माप १:८७ आहे आणि ब्रिटनचं ‘ओओ’ १:७६. रूळ दोन्हीकडे १६.५ मिलिमीटरचेच, पण डबा सुमारे १३ टक्क्यांनी लहान दिसतो. शेजारी ठेवला की फजिती कळते.

जुन्या मालाच्या बाजारात न उघडलेली खोकी अजून सापडतात. फक्त पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं पिवळी पडलेली असतात, चाकं कुणीतरी आधीच काढून घेतलेली असतात आणि दुर्मीळ नावाला हौसेचा भाव लागतो. त्यात सीमा आडव्या आल्या. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतच्या पार्सलवरची करसवलत काढली. त्यामुळे ब्रिटनमधून जर्मनीत जाणाऱ्या एका स्वस्त किटवरही कर आणि कागदपत्रांचा भार आला. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतची सूट सगळ्या देशांसाठी बंद केली. त्या वेळी भारतीय टपालासह अनेक देशांच्या टपाल सेवांनी अमेरिकेची पार्सलं काही काळ रोखली होती.

थ्रीडी प्रिंटरने प्रश्न सुटतो का?

अर्धा सुटतो. घरी ठेवता येणारा रेझिन प्रिंटर ०.०५ मिलिमीटरचे थर देतो. १:७६ मापात ते खऱ्या डब्यावरचे जेमतेम चार मिलिमीटर झाले, म्हणजे फळ्यांमधल्या फटी आणि रिव्हेटसुद्धा दिसतात. पण रेझिन ठिसूळ असतं, लांब सांगाडा सुकताना वाकतो, हातमोजे आणि खेळती हवा लागते. बफर आणि पायऱ्या धक्क्याने मोडतात. म्हणून जाणकार मंडळी पेटी छापतात आणि खालचा भाग प्लास्टिकचा किंवा पितळी पत्र्याचा वापरतात. चाकं बहुतेक जण विकतच आणतात.

खरी मेख प्रिंटरमध्ये नसून फाइलमध्ये आहे. अनेक हौशी लोकांनी आपले आराखडे ‘शेपवेज’वर ठेवले होते. गिऱ्हाइकाने मागणी नोंदवायची, कंपनीने छापून पाठवायचं. फाइल मात्र गिऱ्हाइकाच्या हाती येत नव्हती. दिवाळखोरी जाहीर झाली आणि ती सगळी दुकानं एका झटक्यात दिसेनाशी झाली. जुन्या मंडळींनी २०२४ च्या अखेरीस ही सेवा पुन्हा सुरू केली खरी, पण मधल्या काळात ज्यांनी मागणी नोंदवायची ठेवली होती ते अडकले. पोलादी साचा निदान गॅरेजमध्ये दिसतो तरी. ज्या रचनाकारांनी फाइल थेट विकली, त्यांचे डबे मात्र कुणाच्याही प्रिंटरवर निघू शकतात. जुन्या किटची रबरी साच्यात नक्कल करून विकण्याचा मोहही होतो. पण बंद किट म्हणजे बेवारस किट नव्हे. हक्क कुणाकडे तरी असतोच, आणि नकला आधीच बाजारात आल्या की नवा मालक साचा यंत्रावर चढवायच्या भानगडीत पडत नाही.

सगळ्यात जुना पर्याय म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून डबा स्वतः कापणं. यात उपलब्धतेचा प्रश्नच येत नाही, प्रश्न वेळेचा. आराखडा, धारदार सुरी, स्टीलची पट्टी आणि एका डब्याला काही आठवडे.

भारतात काय स्थिती?

पुण्यात कोथरूडचं जोशी रेल्वे म्युझियम पाहिलेल्यांना या छंदाची गोडी माहीत आहे. पण इथे किट बंद पडण्याआधीची अडचण आहे: आपल्या गाड्यांची किट्स मुळातच फार थोडी निघाली. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ मापात तो १९ मिलिमीटरच्या वर जातो, पण बाजारात मिळणारे रूळ १६.५ चे. शिवाय सीमाशुल्काच्या यादीत खेळणी आणि लघुरूप मॉडेल्स एकाच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. स्थानिक खेळणी उद्योगासाठी केलेली ही वाढ दुकानदाराला परदेशी किटची पेटी मागवू देत नाही. त्यामुळे परदेशातल्यापेक्षा इथल्या हौशी माणसाला प्रिंटर आणि प्लास्टिकचा पत्रा हेच पर्याय जवळचे वाटतात.

ब्रिटनमध्ये बंद पडलेली किट्स सर्वाधिक संख्येने बाहेर येतात ती अशा घरांतून, जिथे हा छंद जपणारा माणूस वारला आहे. कपाटात न जोडलेली शेकडो खोकी असतात आणि घरच्यांना त्यांची किंमत कळत नाही. कित्येकदा ती एकगठ्ठा कवडीमोलाने जातात, नाहीतर थेट कचऱ्यात. म्हणून क्लबांतली जुनी मंडळी नव्यांना एक साधी गोष्ट सांगतात : खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किटचं नाव, घेतल्याची किंमत आणि विकायचं झाल्यास कुणाला विचारायचं ते पेन्सिलीने लिहून ठेवा.