मेस्ताची मजुरी

गेल्या थंडीत धारला बहिणीकडे गेलो होतो. एका सकाळी भावोजींच्या मोटारीतून रतलामला निघालो आणि बदनावरच्या अलीकडे गाडीने मान टाकली. सेल्फ फिरतोय, पण इंजिन काही सुरू होत नाही. भावोजी वैतागले, "पंप गेला पुन्हा!" पुन्हा, कारण चारच महिन्यांपूर्वी नवा पंप बसवून त्यांनी साडेचार हजार मोजले होते. गाडी मूळची माझी. बारा वर्षे पणजीत वापरून मी ती त्यांना दिलेली, त्यामुळे मीही ओशाळलो.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप बहुधा इंजिनालाच जोडलेला असे, त्याला विजेची गरज नसे. इंजेक्शनची इंजिने आली तसा पंप टाकीत गेला आणि विजेवर चालू लागला. चावी फिरवली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं घूं ऐकू येते. ती आली नाही की सगळे पंपाकडे बोट दाखवतात.

ढाबेवाल्याने बोलावलेला मिस्त्री साठीचा असावा. त्याने पंपाला हातच लावला नाही. आधी फ्यूज पाहिला. मग पंपाचा रिले काढून त्या जागी तसाच दुसरा लावून पाहिला. मग मागची सीट उचलली, पंपाचा प्लग सोडवला आणि चावी फिरवायला सांगून मीटर लावला. बारा व्होल्ट! भावोजी म्हणाले, "करंट येतोय, म्हणजे पंपच मेलाय." मिस्त्रीने मान हलवली. प्लग परत जोडला, पुन्हा चावी, पुन्हा मीटर. आता जेमतेम सात! रिकाम्या वायरीवर दाब पुरा दिसतो, ओझे पडल्यावर खरे कळते. मग लांब वायर लावून त्याने पंपाची अर्थ आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर धरला. हरवलेले पाच व्होल्ट तिथे सापडले.

अर्थची वायर जिथे बॉडीला स्क्रूने आवळलेली, तिथे गंजाची खपली होती. आमच्या पणजीच्या खाऱ्या वाऱ्याची देणगी! पॉलिश पेपरने घासले, स्क्रू आवळला, चावी फिरवली. घूं घूं.

"पंप बेकसूर था, साब," तो म्हणाला. किती द्यायचे विचारले, तर म्हणतो, "सामान तो कुछ लगा नहीं, जो ठीक लगे दे दो." भावोजींनी शंभराची नोट दिली. मी गप्प राहिलो. मनात म्हटले, स्क्रूच तर आवळला!

रतलाम येईपर्यंत ते मनात सलत राहिले. नको असलेल्या पंपाला साडेचार हजार आणि खरा दोष शोधणाऱ्याला शंभर! त्या पहिल्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. आपण पैसे फक्त सामानाचे देतो, म्हणून तो सामान विकतो. ती सवय आपणच त्याला लावली आहे. डॉक्टरने तपासून "काही झालेले नाही" म्हटले तरी आपण फी देऊन हसत बाहेर पडतो. मिस्त्रीने तेच म्हटले तर मजुरी कसली, असे विचारतो.

आमच्या कचेरीतही निराळे नाही. फाइल अडली की नवा अर्ज मागवायचा. ती कोणत्या टेबलावर अडली हे शोधणाऱ्याला कोणी विचारत नाही.

गंमत बघा, माळव्यातला 'मिस्त्री' आणि आमच्या गोव्यातला 'मेस्त' हे दोन्ही शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'पासून आलेले. मेस्त्रे म्हणजे उस्ताद, गुरुजीसुद्धा. शब्द टिकला, पण त्यातला मान आपण वाटेत कुठेतरी सांडला. तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, ती आधीच विचारावी आणि एकही सुटा भाग लागला नाही तरी ती पुरी द्यावी. त्यात आपलाच फायदा आहे.

संध्याकाळी परतताना बदनावरला थांबलो. ढाबेवाल्याला विचारत विचारत त्याचे दुकान गाठले. शटर खाली होते.